गरज नसलेल्यांची यादी

दसऱ्याच्या तोंडावर शेवंतीचे ढीग रस्त्यावर येतात. बाकीच्यांना त्या पिवळ्या ढिगांनी सण आल्यासारखं वाटतं, मला परीक्षा आल्यासारखं वाटतं. म्हैसूरच्या अग्रहारात आमच्या घराखालीच फुलवाल्या बसतात. कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत माळ मोजून देतात आणि मोजताना हात जरा आखडता घेतात. त्यांच्या शेजारी केळीचे खुंट आणि कोहळ्यांची रास. हे कोहळे चार दिवसांनी, आयुधपूजेला, कुंकू भरून दृष्ट काढायला रस्त्यावर फुटायचे आहेत. आत्ता मात्र ते धुतल्यासारखे शांत बसलेले असतात.

त्यात तोफांची तालीम सुरू होते. मिरवणुकीच्या दिवशी हत्ती बिथरू नयेत म्हणून त्यांना आधीपासून आवाजाची सवय करतात. धडाम् झालं की आमच्या खिडकीची तावदानं थरथरतात आणि माझ्या हातातला चहा बशीत येतो. "हत्तीसुद्धा शिकले गं," अविनाश म्हणतो. अविनाश माझा नवरा. त्याच्या नोकरीपायी आम्ही सांगलीहून म्हैसूरला आलो, त्याला वीस वर्षं होतील. हत्तींना चार तालमींत सवय होते. मला वीस दसऱ्यांत झालेली नाही.

माझा स्वभावच काळजीचा. गॅसचं बटण बंद केल्यावर मी त्याच्याकडे पुन्हा एकदा बघते आणि जिना उतरल्यावर परत वर जाते. ज्या बाईला स्वतःच्या गॅसची खात्री वाटत नाही, तिच्या हाती कॉलेजनं तीस कम्प्युटर दिले आहेत. चामराजपुरमच्या एका कॉलेजात मी कम्प्युटर लॅब सांभाळते. दसऱ्याच्या सुट्टीत मुली नसतात, म्हणून वर्षाची सगळी साफसफाई तेव्हा होते, आणि सुट्टी संपली की लगेच प्रॅक्टिकल परीक्षा. साफसफाई आणि परीक्षा यांच्यामध्ये एक आयुधपूजा आणि एक विजयादशमी एवढंच अंतर असतं.

यंदाही तेच आहे. पण मला आठवतो तो आठ वर्षांपूर्वीचा दसरा.

त्या वर्षी प्राचार्यांच्या मनात आलं, की आपल्या लॅबमध्ये लिनक्स तर आहेच, पण त्यावर सॉफ्टवेअर घालण्या-काढण्याची जी साधनं आहेत त्यांतलं चांगलं कोणतं, याचा एक तुलनात्मक अहवाल हवा. "सगळी फुकट आहेत, सगळ्यांचा कोड उघडा आहे. मग निवडायला काय हरकत आहे?" असं ते म्हणाले. फुकट वस्तूंमधून निवड करणं किती अवघड असतं हे त्यांना कुणी सांगावं? महाग वस्तू असली तर निदान परवडत नाही म्हणून सुटका होते.

मी लॅबच्या तीन रांगांना तीन साधनं वाटून दिली. पहिल्या रांगेला ॲप्ट, दुसरीला डीएनएफ, तिसरीला पॅकमॅन. एका वहीत रकाने आखले: वेग, सोपेपणा, स्वच्छता.

ही साधनं करतात काय, ते लग्नाच्या भाषेत चटकन कळतं. लिनक्सवर एखादं सॉफ्टवेअर मागवलं, की ते एकटं कधी येत नाही. नवऱ्यामुलाबरोबर वऱ्हाड यावं तशी त्याच्याबरोबर तीसचाळीस पाकिटं येतात. कोण आपण स्वतः बोलावलेलं आणि कोण वऱ्हाडातून आलेलं, याची खूण ही साधनं ठेवतात. खरा प्रश्न येतो नवऱ्यामुलाला घरी पाठवल्यावर. मागे राहिलेल्या वऱ्हाडाचं काय करायचं? ॲप्ट अदबीनं सांगतं की या या मंडळींची आता गरज नाही, आपण म्हणाल तर निरोप देतो, आणि हुकमाची वाट बघत थांबतं. डीएनएफ नवऱ्यामुलाबरोबरच सगळ्यांना गाडीत बसवतं. निघण्यापूर्वी एकदा यादी वाचतं, तेवढंच. पॅकमॅन काहीच बोलत नाही. बसलेत तर बसू देत, कुणी विचारलं तर बघू. मला त्याचा राग यायचा. स्वच्छतेच्या रकान्यात मी पॅकमॅनला शून्य दिलं होतं आणि शेरा लिहिला होता, 'घरात अडगळ करून ठेवतो.'

लॅबमध्ये माझ्या मदतीला सुलोचनाबाई होत्या. त्यांचं घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे आलेलं. घरात मराठी, पण ती अशी, की माझ्या सांगलीच्या कानांना पहिलं वर्षभर अर्धंच कळायचं. त्यांना कम्प्युटरमधलं काही येत नव्हतं आणि येत नाही याची लाजही नव्हती. पण कुठली मुलगी कुठल्या खुर्चीवर बसते, कुणाला पंखा लागतो, कुणाला खिडकी लागते, हे सगळं त्यांना पाठ होतं.

आणि सात नंबरवर चैत्रा बसायची. दारातून शिरलं की डाव्या हाताला भिंत धरून सातवी खुर्ची. तिला जन्मापासून दिसत नव्हतं. वडील नजरबादला सरकारी कचेरीत कारकून. हीही इथल्याच जुन्या मराठी घरातली. ती हेडफोन लावून बसायची आणि पडद्यावर उमटेल ते ते मशीन तिला वाचून दाखवायचं. ते वाचणारं सॉफ्टवेअर म्हणजे ओर्का. चैत्रानं त्याचा वेग इतका वाढवून ठेवला होता, की मी एकदा कानाला लावून पाहिलं तर नुसती किरकिर ऐकू आली. तिला त्यात शब्दन् शब्द कळायचा. तोवरच्या सगळ्या परीक्षा तिनं लेखनिक घेऊन दिल्या होत्या. ती सांगणार आणि दुसरी मुलगी लिहिणार. त्या वर्षी तिनं स्वतः अर्ज केला, की या प्रॅक्टिकलला मला लेखनिक नको. प्राचार्यांनी मला विचारलं, "जमेल ना?" मी म्हटलं, "जमेल." काळजी करणाऱ्या माणसाच्या तोंडून कधी कधी भलत्या वेळी भलतं ठाम उत्तर निघतं.

"मॅडम, पास झाले तर लोक म्हणतात रायटर चांगली होती," चैत्रा मला म्हणाली होती. "फेल झाले तर म्हणतात, पापा, बिचारी, तिला दिसत नाही. एकदा तरी मार्क्स माझे पाहिजेत ना."

आयुधपूजेच्या सकाळी सुलोचनाबाई आणि मी दोघीच लॅबमध्ये होतो. त्या चुरमुरे, केळी, कापूर सगळं घेऊन आल्या होत्या. प्रत्येक मशीनला हळदीचं बोट, कुंकवाचा टिळा, शेवंतीच्या दोन पाकळ्या. सात नंबरशी आल्यावर त्यांनी पिशवीतून अख्खं फूल काढलं, हाताच्या ओंजळीएवढं, आणि ते मशीनवर ठेवलं. मग खिळ्याला टांगलेल्या हेडफोनच्या दोन्ही बोंडांना कुंकू लावलं. मी बघत होते. मला ते फार आवडलं, हेही मला चांगलं आठवतं.

सुलोचनाबाई मशीन बंद करायला लागल्या तेव्हा मी म्हटलं, "राहू द्या सुरू. मला घरून थोडं काम करायचंय."

"अय्यो मॅडम, आज बेडा, आज नको! आज मशीनला मुट्टायचं नाही, हात लावायचा नाही. पूजेला बसलंय ते. नाळे विजयादशमी, उद्या पूजा उतरवायची, मग काय ते करा."

"हात कुठे लावतेय? घरूनच करणार आहे."

"घरून लावला तर हात नाही काय तो?" असं म्हणून त्यांनी चुरमुऱ्यांचा पुडा माझ्या हातात दिला. मी हसले.

घाईचं कारण असं होतं. जुनी मशीन धापा टाकत होती, म्हणून मी आठवडाभरापूर्वी सगळ्या रांगांवरचा जड डेस्कटॉप, म्हणजे पडद्यावरची सगळी मांडणी करणारं सॉफ्टवेअर, काढून हलका बसवला होता. तरी पहिल्या रांगेत परीक्षेच्या सॉफ्टवेअरला पुरेशी जागा नव्हती. ॲप्ट रोज अदबीनं सांगत होतं की एवढ्या एवढ्या पाकिटांची आता गरज नाही. परवा साडेनऊला परीक्षा.  घरी आले, लॅपटॉप उघडला आणि पहिल्या रांगेतल्या दहाही मशीनना एकदम हुकूम दिला, की गरज नसलेले सगळे काढून टाका. त्या हुकमाला मागे एक शेपूट जोडता येतं. ते जोडलं की मशीन यादी दाखवून विचारत थांबत नाही, आपण आधीच 'हो' म्हटलेलं असतं. मी ते जोडलं. पडद्यावरून नावं भराभर वर सरकत गेली आणि मला खूप बरं वाटलं. स्वयंपाकघराचा ओटा पुसल्यावर वाटतं तसं. खाली रस्त्यावर कुणीतरी रिक्षेपुढे कोहळा फोडला.

ओर्का मी कधी मागवलंच नव्हतं. ते जड डेस्कटॉपच्या वऱ्हाडातून आलेलं होतं. चैत्रासाठी मी ते फक्त सुरू करून दिलं होतं. मशीनच्या लेखी त्याला कुणी बोलावलेलं नव्हतं, आणि ज्याच्याबरोबर ते आलं तो निघून गेलेला होता. चैत्रा रोज त्याच्याच आवाजावर शिकत होती, ही गोष्ट मशीनच्या कुठल्याच यादीत नव्हती. ती फक्त सुलोचनाबाईंच्या फुलात होती, आणि ते फूल मी दोन तासांपूर्वी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

परीक्षेच्या सकाळी नऊला चैत्रा भिंत धरून आली, सात नंबरवर बसली, हेडफोन लावले. थोड्या वेळानं तिनं हात वर केला. "मॅडम, हा बोलत नाही."

मला वाटलं वायर निघाली असेल. मग वाटलं आवाज बंद असेल. मग मी ओर्का सुरू करायला गेले आणि मशीननं उत्तर दिलं, की असं काही इथे नाही.   परीक्षेच्या दिवशी नियमानं लॅबचं इंटरनेट बंद, त्यामुळे परत मागवायची सोय नाही. शेजारचं मशीन बघितलं, तेही तसंच. सगळी रांग तशीच. माझा हुकूम सगळ्यांनी पाळला होता. दुसऱ्या रांगेत डीएनएफनं तर डेस्कटॉपबरोबरच सगळं वऱ्हाड पाठवून दिलं होतं, आणि तिथेही ती यादी मीच मंजूर केली होती.

तिसऱ्या रांगेकडे मी आशेनं गेलेच नाही. तिकडे पळत जाऊन बसल्या त्या सुलोचनाबाई. कुठलं तरी बटण दाबतात आणि म्हणतात, "मॅडम, हिकडे बघा की एकदा!" त्यांना काहीच माहीत नव्हतं, फक्त गप्प बसवत नव्हतं. मी सत्तावीस नंबरवर ओर्काला हाक मारली आणि हेडफोनमधून बारीक आवाज आला. पॅकमॅननं कुणालाच बाहेर काढलेलं नव्हतं. ज्याला मी अडगळीसाठी शून्य दिलं होतं, त्याच्या अडगळीत चैत्राचा आवाज शाबूत बसला होता.

पण परीक्षेत जागा बदलायची म्हणजे बाहेरून आलेल्या परीक्षकांची परवानगी, प्राचार्यांची सही. घड्याळ कुणासाठी थांबत नव्हतं. परीक्षकांनी कपाळाला आठ्या घालून विचारलं, "पण काढलं कुणी ते?"

सगळे माझ्याकडे बघत होते. चैत्राचा चेहराही माझ्या दिशेला होता.

"अपडेटमध्ये गेलं असेल," मी म्हटलं.

किती सहज म्हटलं. खोटं बोलायची मला भीती वाटते, पण त्याहून मोठी भीती समोर आली की ती लहान भीती निमूट बाजूला होते, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

चैत्राचा अर्धा तास गेला. सत्तावीस नंबरवर तिचा वेग नव्हता, तिच्या सवयीच्या खुणा नव्हत्या. तो आवाज एकेक शब्द बालवाडीत शिकवल्यासारखा उच्चारत होता. वेळ वाढवून मिळाला नाही. तीनपैकी दोन प्रोग्रॅम तिनं पूर्ण केले, तिसरा अर्धा राहिला. पास झाली. पण गुण तिला हवे होते तेवढे नव्हते, आणि ते पूर्णपणे तिचेही नव्हते. त्यातला जो तुटवडा होता तो माझा होता.

परीक्षा संपल्यावर ती पायऱ्यांवर वडिलांची वाट बघत बसली होती. मी शेजारी जाऊन बसले. सांगावं असं ठरवूनच गेले होते. सुलोचनाबाईंनी तिच्या हातात उरलेले चुरमुरे दिले होते.

"मॅडम," ती म्हणाली, "काही काढताना मशीन लिस्ट देतो ना? मी घरी फुल लिस्ट ऐकते. दोनशे नावं असली तरी. स्किप करायला येत नाही ना मला."

मी "हं" म्हटलं. तेवढ्यात तिचे वडील स्कूटरवरून आले. राहून गेलं ते राहूनच गेलं.

ती हे मला उद्देशून म्हणाली की सहज? यावर मी आठ वर्षं विचार केला आहे. अविनाश म्हणतो, तुझ्या काळजीलाही तुझी काळजी वाटत असेल. त्याला मी सगळं सांगितलं होतं. तो म्हणाला, "माझ्याकडे कबूल करून काय उपयोग? मी थोडाच परीक्षेला बसलो होतो." सात नंबरवर मी दोन दिवसांत ओर्का परत बसवलं आणि त्यावर खूण केली, की हे मी स्वतः मागवलेलं आहे. तशी खूण करायला एक ओळ पुरते. अहवालही दिला. पॅकमॅनच्या शून्यावर काट मारली, पण त्या जागी किती गुण लिहावेत ते मला सुचेना, म्हणून तो रकाना रिकामाच राहिला. प्राचार्यांच्या ते लक्षात आलं नाही. लॅब पुढे ॲप्टवरच राहिली.

चैत्रा शिकून बंगळुरूला गेली. वेबसाइटी अंधांना वापरता येतात की नाही ते तपासायची नोकरी करते. दर दसऱ्याला तिचा फोन येतो. मी जेवणाची चौकशी करते, हवेची चौकशी करते, आणि फोन ठेवते. सुलोचनाबाई निवृत्त झाल्या. आता आयुधपूजेला मीच सात नंबरवर अख्खं फूल ठेवते, तिथे कुणीही बसत असलं तरी.

यंदा नवी मशीन आली. परवापासून मी ती लावते आहे. कालही दुपारी लॅबमध्ये एकटीच होते. बाहेर तालमीच्या तोफा उडत होत्या. नव्या मशीनवरचा जड डेस्कटॉप काढला, हलका घातला, आणि गरज नसलेल्यांची यादी मागितली. त्या वर्षापासून माझी एक सवय आहे. अशी यादी मी वाचत नाही, ऐकते. ओर्का सुरू करते, हेडफोन लावते आणि डोळे मिटते. डोळे उघडे असले की ते उड्या मारतात. कानांना उडी मारता येत नाही.

तो आवाज सावकाश एकेक नाव वाचत होता. कॅमेऱ्याचं सॉफ्टवेअर, टपालाचं, फोटो बघायचं, कसल्या कसल्या लायब्ररी. साठसत्तर नावं झाली असतील. आणि त्याच सुरात, जराही न अडखळता, तो म्हणाला, "ओर्का." आणि पुढच्या नावाकडे गेला.

मी डोळे उघडले. नव्या मशीनवर खूण करायची राहिली होती. एवढं सगळं होऊनही राहिली होती. तो बिचारा स्वतःचंच नाव स्वतःच्या तोंडानं वाचून मोकळा झाला होता आणि यादी संपल्यावर मला विचारत होता, पुढे जायचं का, हो की नाही. यंदा आमच्याकडे एकही अंध मुलगी नाही. गरज नाही, हे अगदी खरं होतं. मी 'नाही'चं बटण दाबलं.  

फोनची वाट न बघता यंदा मीच फोन लावला.

"चैत्रा, तुझ्या प्रॅक्टिकलला सात नंबरचा आवाज गेला होता बघ. तो अपडेटनं गेला नव्हता. मी काढला होता. यादी न वाचता."

 पलीकडे कुणाच्या तरी टायपिंगची टकटक.

"गोत्तु, मॅडम. माहीत होतं मला."

"कुणी सांगितलं?"

"मशीननंच. तुम्ही सात नंबर रिपेअर करून दिला ना, त्या दिवशी मी त्याची लॉग ऐकली. काय काय काढलं, कधी, कोणी, सगळं लिहून ठेवतो तो. आयुधपूजेचा दिवस, दुपारचा टाइम, आणि तुमचं नाव. मी दोनदा ऐकलं."

 "मग इतकी वर्षं बोलली का नाहीस गं?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते, मॅडम," ती म्हणाली. "दर दसऱ्याला फोन करत होते ना."